नाकाला न कळणारा वायू
(गणेशोत्सवात कामरेज येथे केलेले भाषण)



कामरेज चार रस्त्यावर पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्यांत आपली मराठी माणसं बरीच असतात. आम्हीही त्यांतलेच, अंकलेश्वर-पानोलीकडच्या औषध कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवली. सुरक्षेवर बोला म्हणालात, पण हेल्मेट-बुटांची यादी वाचत नाही, ती गेटवर रंगवलेली असतेच. एकाच गोष्टीवर बोलतो, नायट्रोजनवर.

हवेत तो ७८ टक्के असतो, म्हणून त्याचं कुणाला भय नाही. रिॲक्टरमधलं सॉल्व्हंट पेटू नये म्हणून तो आत सोडतात. तो ऑक्सिजन हुसकावतो, त्यामुळे आग लागत नाही आणि माणूसही जगत नाही. वास नाही, ठसका नाही. एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. २१ ऑगस्ट २०२५ रोजी तारापूर वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात नायट्रोजनची गळती होऊन चार कामगार गेले.

बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात, असं अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ सालीच सांगितलं होतं. आपल्याकडे तर गाववाला पडला आणि आपण नुसते उभे राहिलो, हे सहनच होत नाही. संस्कार चांगलाच आहे. पण टाकीच्या तोंडाशी तोच घात करतो. विसर्जनाला पोहता न येणाऱ्याला आपण खोल पाण्यात उतरू देतो का?

आमच्या पाळीत शहाद्याकडचा एक पोरगा आत पडलेला पाना काढायला मॅनहोलमध्ये वाकला. "दोन मिनिटांचं काम," म्हणाला. हेल्परने मागून कॉलर धरली. परमिट नव्हतं, ऑक्सिजन मोजलेला नव्हता. मोजला तर नऊ टक्के! १९.५ च्या खाली असेल तर उतरायचंच नसतं. बॅच तीन तास रखडली. वरचे साहेब हेल्परवरच उखडले, "कुणाला विचारून काम थांबवलं?" पाळीच्या इनचार्जनी मात्र सगळ्यांसमोर त्याला शेजारी बसवून चहा पाजला. त्या चहानंतर पोरं काम थांबवून विचारायला लागली; त्याआधी वर्षभर सुरक्षेची शपथ घेऊन कुणी विचारलं नव्हतं.

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात कलम ४१-एच आलं. जिवाला धोका दिसला तर कामगाराने तो वरिष्ठांच्या नजरेस आणावा, हा त्याचा हक्क ठरला. पण ठेक्यावरच्या पोराला हक्कापेक्षा उद्याच्या हजेरीची धास्ती जास्त. आपल्यातले कित्येक आज सुपरवायझर आहेत, ठेकेदार आहेत; त्याला ती धास्ती आपलीच असते, हे जरा कडू आहे पण खरं आहे. खानदेशातून नवा आलेला पोरगा गुजराती पाटी वाचू शकत नाही. त्याला पहिल्या दिवशी टाकीपाशी नेऊन अहिराणीत समजवायला किती वेळ लागतो? पंधरा मिनिटं.

आणि तोंडावरचा गाळणीवाला मास्क नायट्रोजनपुढे कुचकामी, कारण तो वायू गाळतो, ऑक्सिजन देत नाही. त्यासाठी हवेचं सिलिंडर पाठीवर लागतं. आरतीनंतर तसा एक संच मांडवात ठेवतो आहोत. वहिनींनी, मुलांनीही उचलून पाहावा.