मलाजखंडचा ताम्रपर्वत



मराठी घरातील पाण्याचे भांडे आज बहुधा स्टीलचे असते. तरी त्याचे नाव तांब्याच आहे. ज्या धातूने हे नाव दिले, त्याची देशातील सर्वांत मोठी उघडी खाण छत्तीसगडच्या सीमेला लागून, बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड येथे आहे. 1956 पर्यंत रायपूर, बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे मलाजखंडची कथा येथील मराठी माणसाला परकी नाही.

ही कथा सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वी सुरू होते. भूगर्भातील तप्त शिलारस थिजून तेथे ग्रॅनाइटसारखा खडक तयार झाला. त्याच्या भेगांतून खनिजयुक्त उष्ण पाणी वर चढले. ते निवत गेले, तसतसे भेगांत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे थर साचले आणि त्यांत तांबे, लोह व गंधक यांचे पितळी रंगाचे खनिज, चाल्कोपायराइट, अडकून राहिले. पुढे भोवतालचा खडक झिजला. कठीण गार मात्र टिकली. सुमारे दोन किलोमीटर लांबीची ती कमानदार रांग डोंगर होऊन उभी राहिली. हवापाण्याने वरचे खनिज कुजले. काही तांबे पाण्याबरोबर खाली उतरून अधिक समृद्ध थरात साचले आणि माथ्यावर मॅलाकाइटचे हिरवे डाग उमटले.

हे हिरवे डाग म्हणजे डोंगराने लिहिलेली पाटीच होती. ती प्राचीन लोकांनी वाचली. या डोंगरावर जुन्या खोदकामाच्या खुणा होत्या; खोदणाऱ्यांची नावे कोठेही नाहीत. त्याच जिल्ह्यातील गुंगेरिया गावी 1870 साली गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. खणल्यावर तांब्याची 424 हत्यारे आणि चांदीचे 102 पत्रे निघाले. ही हत्यारे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातील मानली जातात. त्यांचे तांबे मलाजखंडचेच असे म्हणण्यास आधार नाही. परंतु या अरण्यप्रदेशात तांब्याचे मोल फार पूर्वीपासून जाणले जात होते, एवढे निश्चित.

आधुनिक काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने येथील साठ्याचा सविस्तर शोध घेतला. 1967 साली हिंदुस्थान कॉपर लिमिटेडची स्थापना झाली आणि 1982 साली मलाजखंड प्रकल्प उभा राहिला. सुरुंग, यांत्रिक फावडी आणि डंपर यांनी डोंगर पायरी पायरीने उतरवला. जेथे शिखर होते तेथे आज खोल खड्डा आहे आणि आता त्याखाली भूमिगत खाणकाम चालते. येथील दगडात तांबे शेकडा एकच्या आसपास असते. अर्धा किलो वजनाचा एक तांब्या घडवायचा, तर सुमारे 50 किलो खनिजयुक्त दगड फोडावा लागतो. त्यावरचा निरुपयोगी दगड वेगळाच. तो दगड दळून तांबे काढून घेतल्यावर उरलेला चुरा कायमचा सांभाळावा लागतो. त्यातील गंधकयुक्त खनिजांना हवा आणि पाणी लागले की आम्ल तयार होते. जवळच नर्मदेला मिळणारी बंजर वाहते. म्हणून खाण कधी काळी थांबली, तरी ही राखण थांबवून चालणार नाही.

एका पिढीने डोंगर पाहिला, दुसरीने खड्डा. विजेच्या प्रत्येक तारेत त्या डोंगराचा अंश असू शकतो; म्हणून खाण नको असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रश्न आहे तो घेतलेल्या धातूचे मोल राखण्याचा. आपल्या आज्या फुटके भांडे फेकून देत नसत. तांबटाकडे त्याची मोड देऊन त्या नवे भांडे घेत. तांबे कितीही वेळा वितळवले तरी तांबेच राहते, हे व्यवहारातले शास्त्र त्यांना ठाऊक होते. आज जुन्या तारा, मोटारी, मोबाइल यांच्या रूपाने घराघरांत तीच मोड पडून आहे. ती नीट परत गेली, तर तेवढा दगड फोडायचा वाचतो.

हीरक महोत्सव म्हणजे साठ वर्षे. डोंगर घडण्याच्या काळापुढे ती निमिषमात्र आहेत. डोंगर संपण्यास मात्र तेवढीही लागली नाहीत. या शाळेच्या वर्गात हे गणित एका मुलाने जरी मनावर घेतले, तरी त्या डोंगराचे ऋण थोडे फिटेल.