तळपायाचे तेल
(रत्नागिरी येथील महिला मेळाव्यातील भाषण)



मला 'आयुर्वेद आणि सौंदर्य' हा विषय दिला आहे. सुरुवात एका कबुलीने करते.

दोन वर्षांपूर्वी नाताळात आपण खेड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीत मुलींना भेटपिशव्या दिल्या. साबण, कंगवा, टॉवेल आणि गोरेपणाच्या क्रीमची एक ट्यूब. पिशव्या मीच भरल्या होत्या. ट्यूब संपल्यावर नववीतल्या एका मुलीने बाजारातून दुसरी, स्वस्तातली आणली. तिच्यात स्टेरॉइड होते. काही महिन्यांत चेहरा लाल झाला, पुरळ उठले, उन्हात आग होऊ लागली. ती शाळेत जाईना. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला 2018 पासून मनाई आहे, तरी ती सहज मिळतात. मी तिला डॉक्टरांकडे नेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, पहिली तर तुम्हीच दिली होती." रागाने नाही म्हणाली, म्हणूनच जास्त लागले.

त्याच घरात तिची आजी चुलीजवळ बसली होती. वीटभट्टीवर राबून पायांना भेगा पडलेल्या. हातात कोकमतेलाचा गोळा. कोकमाच्या बिया फोडून गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर आलेला तवंग काढून थंड झाल्यावर गोळा वळायचा. चुलीच्या उबेने तो मऊ करून आजी भेगांत भरत होती. केसांना रानातली शिकेकाई. मी त्यांना स्वच्छता शिकवायला गेले होते!

वाग्भटांच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येचा अध्याय आहे. रोज अंगाला तेल लावावे, विशेषतः डोके, कान आणि तळपाय यांना, असे तिथे सांगितले आहे. त्याने थकवा जातो, झोप चांगली लागते, त्वचा चांगली राहते. या लाभांत गोरेपणाचे नावही नाही. तळपायाकडे लक्ष द्यावे हे आपल्यालाही नवे नाही. आपल्या प्रभूने शिष्यांचे पायच धुतले होते.

मात्र रानातले म्हणजे सगळे निर्धोक, असेही नाही. लिंबू चेहऱ्याला चोळून उन्हात गेल्यास चट्टे पडतात. शिकेकाई, रिठा डोळ्यांत गेल्यास झोंबतात. कोणताही नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस पाहावे. ज्यांच्या घरी बाजारातली अशी क्रीम चालू असेल त्यांनी घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

ती मुलगी आता दहावीत आहे. चेहरा बराच निवळला, पण फोटो काढताना ती अजून ओढणी पुढे घेते. तो डाग कातडीवरचा नाही. सावळा रंग ही उणीव आहे, हे तिला कोणीतरी शिकवले, आणि त्यात आपल्या पिशवीचाही हात होता. देवाने तिला घडवताना काही कमी ठेवले नव्हते.

म्हणून एक विनंती. यंदा नाताळच्या पिशवीत खोबरेल तेलाची बाटली घाला, कंगवा घाला, साबण घाला. गोऱ्या रंगाचे आश्वासन घालू नका. आणि पिशव्या वाटायला याल तेव्हा घाई करू नका. आजीजवळ चुलीपाशी घटकाभर बसा. कोकमतेल कसे करतात ते ती तुम्हाला शिकवील.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.