काळ्या केसांचा रंग आणि पाकिटावरची अक्षरे

(बडनेरा येथे कुटुंबमेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



आज बडनेरा स्थानकात उतरलो, तेव्हा एका तरुणाने ‘आजोबा, द्या बॅग’ म्हणून हात पुढे केला. पन्नाशीतल्या माणसाला हे ऐकणे थोडे जड जाते. पण हे पांढरे केस मी अनुभवाअंती स्वीकारले आहेत. भाचीच्या लग्नाआधी दोन दिवस केस रंगवले आणि मांडवात सुजलेल्या पापण्यांनी अक्षता टाकल्या. पाकिटावर ठळक शब्द होता ‘हर्बल’.

मेंदीचा रंग तांबूस असतो, हे इथल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. काळेपणा हवा असेल तर मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावावी लागते. त्याला वेळ लागतो. मग अर्ध्या तासात केस कुळकुळीत करणारी ‘काळी मेंदी’ येते कोठून? तिच्यात बहुधा पॅराफेनिलिनडायमिन, म्हणजे पीपीडी, हे रसायन मिसळलेले असते. ‘अमोनियामुक्त’ या शब्दानेही फसू नये. अमोनिया नसला, तरी पीपीडी असू शकते. एकदा शरीराला त्याचे वावडे जडले की ते सहसा आयुष्यभर सुटत नाही.

1933 मध्ये अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने स्त्रियांचे डोळे गेले. त्यात हेच रसायन होते. भुवया व पापण्यांना कलप लावल्यास अंधत्व येऊ शकते, ही सूचना आपल्याकडेही नियमाने पाकिटावर छापावी लागते. वाचतो कोण? 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले, तेव्हाही डब्यावरच्या बारीक अक्षरांचा प्रश्न निघालाच होता. कलप पोटात गेला तर गळा सुजून श्वास कोंडतो, स्नायूंची हानी होते, मूत्रपिंडे निकामी होतात. आणि त्यावर नेमका उतारा नाही. घरात लहान मुले असतील, तर बाटली कुलपातच हवी.

कर्करोगाचे काय, असे विचाराल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, स्वतःच्या केसांना कलप लावणाऱ्यांबाबत निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही. मात्र केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्यांना तो धोका संभवतो. आपण महिन्याकाठी एकदा खुर्चीत बसतो. आपला नाभिक बंधू किंवा पार्लरमधली ताई रोज त्यात हात घालते, पुष्कळदा हातमोजे न घालता.

रंगवायचेच असेल, तर पाकिटावरील कृतीप्रमाणे आधी त्वचेवर थोडासा लावून 48 तास थांबा. खाज किंवा सूज आली, तर उरलेला रंग टाकून द्या. आणि दुकानात जाताना हातमोज्यांचा एक जोड सोबत न्या; त्या बंधूसाठी.