मणी, मोबाइल आणि आशाताई



कार्यकारिणीचा निरोप आला, "तू सॉफ्टवेअरवाला, आरोग्यसेविकांच्या मोबाइल ॲपबद्दल तूच बोल. पण सोप्या भाषेत!" म्हणून तांत्रिक शब्द बाजूला ठेवतो. आज आपण माता आणि नवजात बाळांच्या आरोग्यासाठी निधी जमवतो आहोत. त्या कामात फोनचा उपयोग किती आणि कुठे, एवढंच सांगायचं आहे.

सुरुवात गडचिरोलीपासून करू या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. न्यूमोनियाने मुलं दगावत होती आणि डॉक्टर कोसभर दूर. खूण तशी सोपी आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा चालला, तर धोका. पण जिला साठपर्यंत आकडे मोजता येत नाहीत, त्या दाईने काय करायचं? 'सर्च'ने एक साधन तयार केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, की उपचार सुरू करायचे. बॅटरी नको, नेटवर्क नको, अक्षरओळखसुद्धा नको. मला विचाराल तर आपल्याकडचं पहिलं आरोग्य ॲप हेच!

पुढे 'सर्च'ने गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, ताप बघत, जंतुसंसर्ग झाला तर औषध आणि इंजेक्शनही देत. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. ३९ गावांत हे काम झालं होतं आणि तिथला नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला होता. याच धर्तीवर २०११ पासून भारतभर आशाताई घरभेटी देऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झालं तर पहिल्या दिवसाची आणखी एक.

आता इथे फोन कामाला येतो. एका आशाताईकडे साधारण हजार लोकवस्ती. कुठे गरोदर बाई, कुठे बाळंतीण, कुठे लस चुकलेलं मूल. कोणाचा कितवा दिवस, हे वहीत शोधण्यापेक्षा फोनने सकाळी यादी दिली तर बरं. बाळ दूध ओढत नाही, अंग गार लागतं, छाती आत खेचली जाते, असे प्रश्न ॲप क्रमाने विचारतं आणि धोका दिसला की दवाखान्यात न्यायला सांगतं. नेटवर्क नसलं तरी माहिती फोनमध्ये साठते आणि रेंजमध्ये आल्यावर वर जाते.

याचा फायदा होतो का? आपल्या नंदुरबारला लागून असलेला नर्मदा जिल्हा आणि शेजारचा भरूच, इथे 'सेवा रुरल' या संस्थेने 'इमटेको' नावाचं ॲप वापरून बघितलं. २०१९ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यात आशाताईच्या किमान दोन भेटी मिळालेली बाळं, ॲप होतं तिथे सुमारे ३२ टक्के आणि नव्हतं तिथे २३ टक्के. फरक खरा आहे आणि तो मोलाचा आहे. पण मंडळी, ॲप असूनही शंभरातल्या अडुसष्ट बाळांना त्या दोन भेटी मिळाल्या नाहीत, हेही खरं. फोन आठवण करून देतो. चिखल तुडवत पाड्यावर जायचं ते बाईनेच.

आणि तिला न विचारता फोन हातात दिला तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. २०२१ साली महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडीसेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन कमी ताकदीचे, दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच डोक्यावर आणि पोषणाच्या नोंदींचं ॲप इंग्रजीत! त्यांनी काम नाकारलं नव्हतं, काम अडवणारं यंत्र नाकारलं होतं. ज्यांनी मणी बनवले, त्यांनी आधी दाईला काय येतं ते पाहिलं होतं. फरक इथे आहे.

कॅनडाला हा विषय नवा नाही. आपण उन्हाळ्यात कॉटेजला जातो त्या मस्कोकामध्ये, २०१० च्या जी-८ परिषदेत, कॅनडाने माता-बालक आरोग्यासाठी पाच वर्षांत १.१ अब्ज डॉलर नव्याने द्यायचं जाहीर केलं होतं. आपली थैली अर्थातच छोटी आहे. म्हणूनच ती विचारून उघडावी. फोन किती वाटले, हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा, ॲप सेविकेच्या भाषेत आहे का? फोन बिघडला तर पैसे कोण भरणार? तिने रात्री धोक्याची सूचना पाठवली तर पलीकडे उचलायला कोणी आहे का, गाडी येणार आहे का? आणि तिचा मोबदला वेळेवर मिळतो का?

या प्रश्नांची उत्तरं ज्या प्रकल्पाकडे असतील, त्याला आपण सढळ हाताने देऊ या. फोनचे पैसे द्यायचेच आहेत. त्याबरोबर प्रशिक्षणाचे, दुरुस्तीचे आणि गाडीचेही द्या. त्या खर्चाचा फोटो छान येत नाही, पण बाळ त्यानेच वाचतं.