वृद्धांची विचारपूस

१९२९ सालीं रेल्वेचें वीजघर सुरू झालें, तेव्हां ठाकुर्लीचें चोळे हें खेडेंच होतें. आज तेथें इमारती आहेत. पण एकट्या वृद्धाची विचारपूस कोणीं करावी?

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं जामखेडला आरंभिलेल्या कार्यानें एक वाट दाखविली आहे. गांवांतल्याच, पुष्कळशा निरक्षर स्त्रिया शिकून आरोग्यसेविका झाल्या. शेतकऱ्यांचीं मंडळें त्यांच्या पाठीशीं राहिलीं. दवाखाना दूर असला, तरी सेविका शेजारचीच. ती दारीं आली कीं दुखणें वेळीं कळतें, आणि म्हाताऱ्यांस बोलावयास माणूसही मिळतें.

२०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस महाराष्ट्रांत एस. टी.चा प्रवास विनामूल्य आहे. परंतु थांब्यापर्यंत हात कोण धरील? तेवढें काम तरी आपण शेजाऱ्यांनीं वांटून घ्यावें.