काल काय खाल्ले?

(महात्मा जोतीराव फुले यांच्या जयंतीनिमित्त मोखाडा तालुक्यात शिक्षक व पालक यांच्या सभेत एका शिक्षकबंधूंनी केलेले भाषण)



जोतीरावांच्या जयंतीस तसबिरीला हार घालावा, चार गोड शब्द बोलावेत आणि घरी जाऊन जेवावे, असा रिवाज पडला आहे. आज आम्ही त्या जेवणाविषयीच बोलणार आहोत. जोतीरावांस हा विषय परका नव्हता. 1877 च्या दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी पुण्याजवळ धनकवडीस आश्रम काढून उपाशी पोरांस जेवू घातले. पुढे 1883 त 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना ते कुणब्याच्या घरात शिरले आणि तिथली दैन्यावस्था त्यांनी एकेक वस्तू दाखवून वाचकांपुढे मांडली. कचेरीच्या गादीवर बसून रयतेवर शेरे मारणाऱ्यांस ते उत्तर होते.

तसाच शेरा आज आमच्या जव्हार-मोखाड्यावर मारला जातो. 1992 साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीस कुपोषणाने बालके दगावली आणि साऱ्या महाराष्ट्रात ओरड झाली. 1995 त नवसंजीवनी योजना आली. 2016 त मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. दर वेळी मोटारी आल्या, धूळ उडाली, आणि मोटारीतून उतरलेल्या कोणा ना कोणा शहाण्याने म्हटलेच की, 'ह्या लोकांच्या खाण्याच्या सवयीच वाईट.' हा 'सवय' शब्द आम्हांस फार दिवस खुपत आहे. ज्याच्यापुढे दोन ताटे आहेत तो त्यांतले एक रोज उचलतो, त्यास सवय म्हणावे. ज्याच्यापुढे एकच ताट, आणि तेही अर्धे, त्याची सवय कशी मोजावयाची?

मोजणी करूच नये असे आमचे म्हणणे नाही. उलट आम्ही ती स्वतः करून पाहिली, आणि पहिल्याच दिवशी फसलो. ती हकीकत सांगतो.

गेल्या साली आषाढात आम्ही चौथीच्या मुलांस 'काल मी काय खाल्ले' ह्यावर पाच ओळी लिहावयास सांगितल्या. जवळजवळ सगळ्या वह्यांत एकच मजकूर आला: पोळी, भाजी, वरण, भात, दूध. आता आषाढात आमच्या पाड्यावर दूध कोणाच्या घरी असते, हे तुम्हांस ठाऊक आहे. वर्गाच्या भिंतीवर आहाराचा एक रंगीत तक्ता होता, त्यावरून मुलांनी उतरून काढले होते. मधल्या सुटीत एका मुलास जवळ घेऊन विचारले, 'खरे सांग, रात्री काय होते?' तो म्हणाला, 'मुठे होते, गुरजी. नि भाकर.' 'मग लिहिले का नाहीस?' तो आमच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, 'त्ये लिवायचा असतं काय?'

मंडळी, त्या पोराचा दोष नाही. खेकडा, सुकट, टाकळा, कडूकंद ही अन्ने लिहिण्याजोगी नाहीत, हे त्यास शाळेने शिकविले, आणि शाळेत शिकविणारे आम्ही. सोवळे-ओवळे गेले म्हणतात. ते चुलीवरून उठून भिंतीवरच्या तक्त्यात जाऊन बसले, आणि तो तक्ता आम्हीच खिळे ठोकून लावला होता. असो. तो आम्ही काढला.

खाणे मोजण्याचे एक शास्त्र आहे. त्यातली चालती रीत म्हणजे चोवीस तासांची आठवण. घरात रांधणाऱ्या बाईस विचारावयाचे की काल सकाळपासून काय शिजले, किती शिजले, कोणी किती खाल्ले. तिच्यापुढे ठरावीक मापाच्या वाट्या मांडावयाच्या, म्हणजे 'थोडेसे' आणि 'पुरेसे' ह्या शब्दांवर विसंबावे लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या देखरेखीखाली 1972 पासून अशा पाहण्या करणारे एक खाते होते, त्याने आदिवासी मुलखातही घरोघर जाऊन मोजण्या केल्या. ते खाते 2015 त बंद पडले. रीत चांगली आहे, म्हणून आम्ही, अंगणवाडीच्या बाई आणि आशाताई असे तिघे वाट्या घेऊन निघालो.

पहिल्याच घरी म्हातारी म्हणाली, 'गुरजी, काल बाजार झाला, म्हनून डाल शिजली. तू बाजाराचे आदले राती ये, मंग लिव.' आम्ही पुन्हा आदल्या रात्री गेलो. भात होता, मिरची-मीठ होते. पहिल्या दिवसाचाच कागद वर गेला असता, तर त्या घरी रोज डाळ शिजते असे कोणा साहेबाने वाचले असते.

दुसऱ्या घरी 'किती भाकरी खाल्ल्या?' ह्यास 'दोन' असे उत्तर आले. शेजारच्या घरीही दोनच. शाळेतल्या भोजनाचा तांदूळ तोलण्याचा काटा आम्ही सोबत नेला होता. तोलून पाहिले तर एका घरची एक भाकर दुसऱ्या घरच्या पाऊण दोन भाकरींएवढी भरली. पोरांची तर आणखी निराळीच तऱ्हा. गुरांमागे गेलेला पोरगा करवंदे खातो, आळू खातो, ओढ्यात खेकडा धरून तिथेच जाळावर भाजतो. आईस ह्यातले काय ठाऊक? आणि येताना दुकानातून पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी फोडतो, तेही आईस ठाऊक नसते, किंवा असले तरी ती सांगत नाही.

ह्याच शास्त्रात एक हिशेब असा आहे की, बैठे काम करणाऱ्या पुरुषाची गरज 1 धरावी आणि बाकीच्यांची त्या मानाने. तीन वर्षांच्या आतल्या मुलाची 0.4, बैठ्या बाईची 0.8, आणि कष्टाचे काम करणाऱ्या बाईची 1.2. पुरुषमंडळींनी हा शेवटला आकडा नीट ऐकावा. टेबलाशी बसून लिहिणारा आमच्यासारखा मास्तर 1, आणि डोक्यावर हंडा घेऊन चैत्रात दरी चढणारी बाई 1.2! ती आमच्याहून जास्त जेवली पाहिजे. प्रत्यक्षात ती सर्वांच्या मागून जेवते आणि टोपल्यात जे उरेल ते तिचे. घरात एकंदर किती शिजले हे मोजून माणसी वाटणी मांडली, तर कागदावर तिचा वाटा पुरा दिसतो. तो तिच्या पोटात गेला की नाही, हे संध्याकाळी चुलीपाशी बसल्यावाचून कळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ऋतूची. हल्ली बायांच्या आहाराची परीक्षा अशी घेतात की, अन्नाचे दहा गट पाडले आहेत. त्यांतले निदान पाच गट चोवीस तासांत पोटात गेले तर बाई पास. चमचाभराहून कमी खाल्लेले धरावयाचे नाही. ह्या परीक्षेला आमची मोखाड्याची बाई आषाढात बसवा. नागलीची भाकर हा एक गट, उडीद दुसरा, खुरासणीची चटणी तिसरा, खेकडा किंवा वळगणीचे मासे चौथा, टाकळ्याची भाजी पाचवा. रानातली करटोली मिळाली तर सहावा. बाई पहिल्या वर्गात पास! आणि त्याच आषाढात तिच्या कणगीचा तळ दिसू लागलेला असतो. भाजी टोपलीभर, भाकर मात्र चतकोर. आवणीला वाकलेल्या माणसाचे पोट पाल्याने भरत नाही. तीच बाई मार्गशीर्षात पाहा. तोवर ती भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेलेली असते. तिथे तांदूळ असतो, कोरा चहा असतो, बटाटा असतो, सुकटीची चिमूटभर चटणी असते, जी चमचाभराच्या खाली म्हणून धरलीच जात नाही. पोट भरते, पण परीक्षेत ती नापास. ही दोन पाने जोडून कोणी वाचलीच नाहीत, तर आषाढाचे पान पाहणारा म्हणेल, 'सारे छान आहे', आणि मार्गशीर्षाचे पाहणारा म्हणेल, 'ह्यांना भाज्या खाण्याची सवय नाही.'

भट्टीवर ती सवयीने गेली काय? पावसाळ्यात घरात दाणा नव्हता, म्हणून उचल घेतली. उचल फेडावयाची म्हणून दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलले. तिथे आठवड्यास खर्ची मिळते आणि हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. त्या खर्चीत जे बसेल ते शिजते. 2015 पासून गरोदर व स्तनदा बाईस अंगणवाडीत एक वेळचे पुरे जेवण देण्याची अमृत आहार योजना चालू झाली. योजना चांगली, आम्ही तिला नावे ठेवीत नाही. परंतु अंगणवाडी पाड्यावर आणि बाई भट्टीवर, मग जेवण कोणी जेवावे? आज ह्या सभेतही कितीक पालक नाहीत. ते अजून विटाच थापीत आहेत.

आमच्या वाट्या पाहून काही घरची म्हातारी माणसे मुळी बोलेनात. आम्हांस आधी कळेना. मग एका बाबांनी सांगितले. त्यांच्या लहानपणी सावकार पावसाळ्यात खावटी द्यावयास येई तो माप घेऊनच. देताना एक माप, सुगीनंतर घेताना दुसरे, आणि वर दीडपट-दुप्पट. शेर, मापटे, चिपटे ह्या शब्दांनी त्यांच्या बापाचे भात खळ्यावरूनच गेले. आता पुन्हा कोणी माप घेऊन उंबऱ्यावर आला, तर त्यांनी त्यास खरे का सांगावे? आणि ज्यांनी सांगितले, त्यांतल्याही काहींनी योजनेचे काही पदरात पडेल ह्या आशेने कमी सांगितले, काहींनी लाजेने वाढवून सांगितले. जो मोजतो त्याचा आणि ज्याचे मोजतात त्याचा जुना हिशेब काय आहे, हे प्रत्येक उत्तरात मिसळलेले असते. आम्ही त्या बाबांच्या हाती वाट्या दिल्या आणि म्हटले, तुम्हीच मोजा. त्यांनी चारही घरे मोजली. एवढी बारीक मोजणी आम्हांस साधली नव्हती.

नागलीचे तेच. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. सडलेल्या तांदळात त्याचा तिसावा हिस्साही नाही. मग आमचे लोक नागली सोडून तांदूळ का खाऊ लागले? राब भाजावा, उतारावर रोप लावावे, कापावे, झोडावे, दळावे, इतक्या कष्टाला घरची माणसे लागतात, आणि माणसे तर भट्टीवर. रेशनवर मिळतो तांदूळ आणि गहू. वर नागली म्हणजे जंगली माणसाचे काळे अन्न, अशी हेटाळणी. 2023 साल भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, नागलीस 'श्रीअन्न' अशी पदवी मिळाली आणि मुंबईच्या दुकानांत तिची बिस्किटे आली. नागलीचा शिक्का पुसला. ती पिकविणाऱ्याचा पुसल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आणि अंडे! 2023 च्या नोव्हेंबरात शाळेच्या भोजनात आठवड्यास एक अंडे, न खाणाऱ्यास केळे, असा सरकारचा निर्णय झाला. काही ठिकाणी अंड्याचे नाव निघताच नाके मुरडली गेली. 2025 च्या जानेवारीत त्यासाठी वेगळा पैसा देणे सरकारने थांबविले आणि लोकवर्गणीतून पाहावे असे सांगितले. आमच्या पाड्याने वर्गणी द्यावयाची ती उचलीतून काय? ज्याच्या ताटात दूध, तूप, पनीर रोज आहे, त्यास अंड्यावाचून चालते. त्याचे चालते म्हणून आमच्या पोरांचेही चालेल, हे कोणी ठरविले?

एक गोष्ट आमच्या आपल्या लोकांविषयीही बोलली पाहिजे. पोटुशी बाईने कमी खावे, म्हणजे मूल लहान राहते आणि सुटका सुखाने होते, असे सासवा सांगतात. हे घातुक आहे, आणि आम्ही त्यांस तसे तोंडावर सांगतो. पण एका सासूने आम्हांस उलट विचारले की, अडलेल्या बाईस झोळीत घालून रस्त्यापर्यंत कोणी न्यावयाचे, आणि रात्री गाडी येईल काय? आम्हांस उत्तर देता आले नाही. दारूचे नाव घेतले नाही तर ह्या सभेतल्या बाया आम्हांस सोडणार नाहीत, म्हणून तेही घेतो: मोजणीत ज्या घरी बाजाराचा पैसा बाटलीत गेला, तिथे पोरांच्या वाटीत तो दिसलाच नाही. पुरुषांनी मान खाली घालावयाची तर ती ह्या ठिकाणी घालावी.

पाण्याचेही मोजले पाहिजे. मोखाड्यात कोचाळ्यास मध्य वैतरणेचे धरण आहे. त्याचे पाणी मुंबईस जाते. आमच्या पाड्यावर चैत्र-वैशाखात बाई हंड्यामागे हंडा करीत विहिरीच्या तळाशी बसते. डाळ शिजावयास पाणी लागते, वेळ लागतो, सरपण लागते. मग डाळ राहते आणि चटणी होते. कोणत्या तक्त्यात 'पाणी नव्हते म्हणून डाळ नाही' असा रकाना आहे?

तो रकाना आपण करावयाचा आहे. औंदा चार मोजण्या आहेत: आषाढात, दिवाळीपूर्वी, पौषात भट्टीवर आणि पुन्हा चैत्रात. प्रत्येक मोजणी बाजाराच्या आदल्या दिवशी व दुसऱ्या दिवशी अशी दोनदा. छापील तक्ता नको, त्यात खेकडा 'इतर' मध्ये जातो. कोऱ्या पानांची वही घ्यावी आणि बाईने जे नाव सांगितले तेच लिहावे. पौषाची मोजणी सहावी-सातवीची मुले करतील. जी आईबापांबरोबर भट्टीवर जातील त्यांच्या दप्तरात वही देऊ. वाट्यांचे संच दोनच आहेत आणि काटा एक. ज्या शिक्षकबंधूंस आषाढात न्यावयाचे असतील, त्यांनी आज जाण्यापूर्वी अंगणवाडीच्या बाईंकडे नाव लिहवून जावे. काटा मात्र शाळेच्या भोजनाचा आहे, सकाळी अकराच्या आत परत आला पाहिजे.