ध्वज उतरल्यानंतर



वैनगंगेकाठच्या बालाघाटात युद्धनौकांच्या ध्वजांवर व्याख्यान व्हावे, हे कोणाला अप्रस्तुत वाटेल. परंतु भरवेलीच्या खाणीतून निघते ते मँगनीज पोलादाला बळकटी देते, आणि पोलादावाचून आधुनिक युद्धनौका उभी राहत नाही. नौकेच्या अखेरीचा प्रश्न म्हणूनच या मुलखालाही परका नाही.

युद्धनौका निवृत्त होते त्या सायंकाळी, सूर्यास्ताच्या वेळी, तिचा ध्वज अखेरचा उतरविला जातो. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे भारतीय नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’वर हा प्रसंग ३१ जानेवारी १९९७ रोजी आला. डिसेंबर १९७१ मध्ये तिच्यावरून झेपावलेल्या विमानांनी कॉक्स बाजार व चितगाववर हल्ले केले होते. २००१ ते २०१२ या काळात मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये मात्र ती मोडीत निघाली. तिच्या पोलादाचा काही अंश २०१६ मध्ये मोटारसायकलींसाठी वापरला गेला. २०१७ मध्ये निवृत्त झालेली ‘विराट’ही पुढे अलंगच्या किनाऱ्यावर तोडली गेली.

नौका राखणे असे खर्चाचे असल्याने मागे उरतात त्या लहान वस्तू : घंटा, बोधचिन्हाची ढाल, पितळी पट्टी आणि ध्वज. त्यांत ध्वज सर्वांत नाजूक. जुने ध्वज लोकरी कापडाचे, तुकडे जोडून शिवलेले असत. वारा खाऊन त्यांची मोकळी कड विरते. हौशी संग्राहक ती कड कापून नीटनेटकी करतो आणि तेथेच चुकतो. कारण ती झीज हाच ध्वज खरोखर फडकल्याचा पुरावा असतो. ध्वजाचा काळ नक्षीवरून कळतो. २००१ पर्यंत भारतीय नौदलाच्या ध्वजावर तांबडा क्रूस होता. त्या वर्षी तो जाऊन निळे बोधचिन्ह आले. पण आकाश व समुद्र यांच्या निळाईत ते उठून दिसेना, म्हणून २००४ मध्ये क्रूस परतला, या वेळी मध्यभागी सिंहमुद्रा घेऊन. २ सप्टेंबर २०२२ पासून शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून सुचलेला अष्टकोन तेथे विराजमान आहे.

नक्षी काळ सांगते, नौका सांगत नाही. हा ध्वज कोणत्या नौकेवरचा, कोणी व केव्हा उतरविला, कोणाच्या हातून कोणाकडे आला, हे लिहून ठेवले नाही, तर उरते ते केवळ जुने कापड. १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या आश्रयास असलेले आंग्र्यांचे आरमार जळाले. ती गलबते गेली. त्यांचा इतिहास आज सांगता येतो तो मुख्यतः कागदपत्रांच्या आधारे.

येथेच ग्रंथालयाचे कार्य सुरू होते. १९७१ च्या युद्धातील तरुण नाविक आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या घरच्या पेटीत टोपीची पट्टी असेल, एखादे छायाचित्र असेल. वस्तू खुशाल घरी राहो. तिची हकिकत मात्र ग्रंथालयाच्या नोंदवहीत तारखेसह उतरावी. शंभर वर्षे ग्रंथांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला हे काम नवे नाही. ते आताच व्हावयास हवे, कारण सांगणारे आहेत तोवरच ही हकिकत लिहिता येणार आहे.